युरोपातल्या चिमुकल्या देशांची स्पर्धा
ऑलिंपिकच्या संचलनात मूठभर खेळाडू घेऊन येणारे सान मारिनो, मोनॅको, लिक्टेनस्टाइन आठवतात? या देशांची स्वतःची एक बहुक्रीडा स्पर्धा आहे : गेम्स ऑफ द स्मॉल स्टेट्स ऑफ युरोप. 1985 मध्ये सान मारिनोत ती सुरू झाली आणि तेव्हापासून दर विषम वर्षी भरते. (2021 ची मात्र कोरोनामुळे रद्द झाली.) अट सोपी : देशाची स्वतःची ऑलिंपिक समिती हवी आणि लोकसंख्या दहा लाखांच्या आत. आज नऊ देश खेळतात. वरच्या तिघांशिवाय अँडोरा, सायप्रस, आइसलँड, लक्झेंबर्ग, माल्टा आणि सर्वांत नवा मॉन्टेनेग्रो. फॅरो बेटं यात नाहीत, कारण त्यांना ऑलिंपिक मान्यता नाही. मला याची खंत वाटते.

मला सगळ्यात आवडतो तो सान मारिनो. जेमतेम चौतीस हजारांच्या या देशानं टोकियो ऑलिंपिकमध्ये नेमबाजी आणि कुस्तीत मिळून तीन पदकं जिंकली! ऑलिंपिक पदक मिळवणारा तो सर्वांत कमी लोकसंख्येचा देश. अशा देशांतल्या खेळाडूंना तुल्यबळ प्रतिस्पर्धी आणि पदकाची खरी संधी या चिमुकल्या देशांच्या स्पर्धेत मिळते.

2025 ची स्पर्धा अँडोरात झाली, पुढची 2027 मध्ये मोनॅकोत आहे. तिचे निकाल जरूर बघा.