संख्यांची गिरणी

पाचवीच्या वर्गात आम्ही एकदा फळ्यावर २, ४, ८ अशा तीन संख्या लिहिल्या आणि पुढची संख्या कोणती, असे विचारले. 'सोळा' असा जवळजवळ सगळ्या वर्गाचा आवाज आला. वह्या तपासताना एका मुलीने १४ लिहिलेले दिसले. आम्ही त्यावर फुली मारली आणि पुढच्या बाकाकडे वळलो. ती काहीच बोलली नाही. मधल्या सुट्टीत सहज विचारले, तेव्हा म्हणाली, "सर, आधी दोनने वाढलं, मग चारने वाढलं. म्हणून आता सहाने वाढणार ना?"

फुली मारताना आमच्या मनात दुपटीचा एकच नियम होता. पण तिचा नियमही दिलेल्या तिन्ही संख्यांना तंतोतंत लागू पडत होता. म्हणजे चूक तिची नव्हती, प्रश्नाचीच होती. आम्ही फक्त पुढची संख्या विचारली होती. नियम कोणता आणि तोच का, हे विचारलेच नव्हते. त्या दिवसापासून आम्ही संख्यांचे आकृतिबंध वेगळ्या रीतीने शिकवू लागलो. त्यासाठी लागते ते फक्त दोन स्तंभांचे एक कोष्टक.

आत काय, बाहेर काय?

गिरणी मुलांना माहीत असते. गहू टाकला की गव्हाचे पीठ, ज्वारी टाकली की ज्वारीचे. आपली गिरणी संख्यांची. एक मूल गिरणी होते. ते एक नियम ठरवते आणि चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवते, म्हणजे मध्येच नियम बदलता येत नाही. बाकीची मुले एकेक संख्या सांगतात आणि गिरणी तिचे काय झाले ते सांगते. फळ्यावर दोन स्तंभ आखायचे : 'आत' आणि 'बाहेर'.

ज्याला नियम सापडला असे वाटते, त्याने तो मोठ्याने सांगायचा नाही. त्याने नवी संख्या घ्यायची आणि बाहेर काय येईल ते आधीच सांगायचे. बरोबर आले तर गिरणी मान हलवते आणि खेळ चालू राहतो. अशाने हळू विचार करणाऱ्या मुलांचा आनंद हिरावला जात नाही.

समजा, पहिली जोडी अशी आली : आत २, बाहेर ४. ही गिरणी काय करते? दुप्पट करते? दोन मिळवते? की संख्येला तिनेच गुणते? तिन्ही शक्य आहे. मग पुढे कोणती संख्या टाकावी? ० टाकली तर दुप्पट करणारी आणि स्वतःशी गुणणारी अशा दोन्ही गिरण्या ० देतील. त्या दोघींतला फरक कळणारच नाही. ३ टाकली तर मात्र अनुक्रमे ६, ५ आणि ९ येतील आणि तिघी वेगळ्या पडतील. कोणती संख्या टाकली असता दोन तर्कांतला एक बाद होईल, हे शोधणे म्हणजे प्रयोगाची आखणीच. प्रयोगशाळेत जे करायचे तेच मुले इथे खडू-फळ्यावर करत असतात.

गिरणीची एक अट मात्र पक्की हवी. तीच संख्या पुन्हा टाकली तर तेच उत्तर यायला हवे. उलट, दोन वेगळ्या संख्यांना एकच उत्तर आले तर चालते. '५ ने भागून बाकी सांगणे' असा नियम घेतला तर ७ टाकले तरी २ आणि १२ टाकले तरी २. पुढे वरच्या वर्गांत 'फल' ही संकल्पना येते, तिचा गाभा हाच.

उभे वाचन आणि आडवे वाचन

आता काडेपेटीतल्या काड्या घ्या. चार काड्यांचा एक चौकोन करा. त्याला लागून दुसरा चौकोन केला तर मधली काडी सामाईक राहते. असे एका ओळीत चौकोन मांडत जा आणि कोष्टक भरा.

चौकोन : १, २, ३, ४
काड्या : ४, ७, १०, १३

पाच चौकोनांना किती काड्या, याचे उत्तर मुले पटकन देतात : १६. 'तीन-तीन मिळवायचे.' आता विचारा, १०० चौकोनांना किती? काही मुले तीन-तीन मिळवतच बसतात. काही ३०० म्हणतात. काहींनी १० चौकोनांच्या ३१ काड्या काढलेल्या असतात, ती त्याची दहापट करून ३१० सांगतात.

असे का होते? मुलांनी कोष्टक वरून खाली वाचलेले असते. उभ्या वाचनात एका ओळीवरून दुसरीवर कसे जायचे ते कळते. पण 'आत'मधून 'बाहेर' कसे जायचे, ते आडवे वाचल्याशिवाय कळत नाही. पाढ्यांचेही तेच होते. 'बे साते' विचारले की काही मुले 'बे एके बे'पासून सुरुवात करतात. वास्तविक पाढा हेही आत-बाहेरचे कोष्टकच आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने पाठ केलेल्या पावकी, निमकी, सवायकी, दिडकी याही अशाच गिरण्या. दिडकीत ४ टाकले की ६ बाहेर येतात.

आडवे वाचन शिकवायला घाईघाईने सूत्र सांगण्याची गरज नाही. काड्यांकडे परत जा आणि विचारा, १०० चौकोनांची ओळ तू कशी मांडशील? आमच्या वर्गात तीन उत्तरे आली.

पहिले : पहिल्या चौकोनाला ४, मग उरलेल्या ९९ चौकोनांना तीन-तीन. ४ + २९७ = ३०१.
दुसरे : आधी डावीकडे एक उभी काडी. मग प्रत्येक चौकोनाला तीन. १ + ३०० = ३०१.
तिसरे : वरच्या आडव्या १००, खालच्या आडव्या १००, उभ्या १०१. एकूण ३०१.

रीती तीन आणि उत्तर एक, हे पाहून मुलांना नवल वाटते. चौकोनांची संख्या 'क' मानली तर तिन्ही रीती शेवटी ३ × क + १ इथेच येतात. बीजगणितातले अक्षर अशा वेळी आले, तर ते कशासाठी आले हे मुलांना सांगावे लागत नाही. शिवाय ३ कुठून आला आणि १ कुठून आला, हे ती काड्यांवर बोट ठेवून दाखवू शकतात. नियम नुसता जुळणे आणि नियमाचे कारण कळणे यांतला फरक इथे स्पष्ट होतो.

चौदाचे काय झाले?

आता त्या मुलीच्या उत्तराकडे येऊ. कागदावर बांगडी ठेवून एक वर्तुळ काढा. कागदाचे दोन भाग झाले, एक आतला आणि एक बाहेरचा. बांगडी थोडी सरकवून दुसरे वर्तुळ पहिल्याला छेदून काढा. भाग झाले चार. तिसरे असे काढा की ते आधीच्या दोन्ही वर्तुळांना दोन-दोन ठिकाणी छेदेल, पण एकाच बिंदूतून तीन वर्तुळे जाणार नाहीत. बाहेरचा भाग धरून मोजा. आठ!

वर्तुळे : १, २, ३
भाग : २, ४, ८

चौथ्याला सोळा? काढून पाहा. कितीही खटपट केली तरी चौदाच्या वर जाता येत नाही. कारण असे की चौथे वर्तुळ आधीच्या तिघांना प्रत्येकी जास्तीत जास्त दोन, म्हणजे एकूण सहा बिंदूंत छेदते. त्यामुळे त्या वर्तुळाचे सहा तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकडा एका जुन्या भागाचे दोन भाग करतो. म्हणून सहा भाग वाढतात. आधी दोनने, मग चारने, मग सहाने. ती मुलगी नेमके हेच म्हणत होती. इथला आडवा नियम आहे क × (क − १) + २. पाच वर्तुळांना ५ × ४ + २ = २२ भाग.

नुसत्या जुळण्यावर विसंबता येत नाही, याचे एक प्रसिद्ध उदाहरण ऑयलर या गणितज्ञाचे आहे. त्याने १७७२ मध्ये ज्या सूत्राकडे लक्ष वेधले, त्याची गिरणी अशी : संख्येला तिनेच गुणा, त्यातून ती संख्या वजा करा आणि ४१ मिळवा. १ टाकले तर ४१, २ टाकले तर ४३, ३ टाकले तर ४७. १ पासून ४० पर्यंत काहीही टाका, मूळ संख्याच बाहेर येते. ४१ टाकले की मात्र ४१ × ४१ येतात आणि ती मूळ संख्या नव्हे. चाळीस ओळी जुळूनही नियम मोडला, तर तीन संख्यांचा काय भरवसा?

म्हणून आता आम्ही नुसते 'पुढची संख्या सांगा' असे विचारत नाही. तुझा नियम कोणता, तो सगळ्या ओळींना लागू पडतो का आणि तोच का असावा, असे तीन प्रश्न विचारतो. पहिल्या दोहोंची उत्तरे कोष्टकात मिळतात. तिसऱ्याचे उत्तर काड्यांत, वर्तुळांत, म्हणजे संख्या जिथून आल्या तिथे शोधावे लागते.

दुसऱ्या दिवशी आम्ही फळ्यावर चार वर्तुळे काढली आणि त्या मुलीला भाग मोजायला बोलावले. चौदावा भाग मोजून झाल्यावर तिने आमच्याकडे पाहिले. मग आम्ही तिची वही मागून घेतली आणि कालची फुली खोडली.

तुमच्या वर्गासाठी एक गिरणी देऊन थांबतो. काड्यांचे चौकोन न करता एका ओळीत, एकमेकांना लागून, एक सुलटा आणि एक उलटा असे त्रिकोण करा. १०० त्रिकोणांना किती काड्या लागतील? मुलांना उत्तराबरोबर कारणही विचारा.