न उच्चारलेल्या अर्थाचा पुरावा

वक्त्याने जे शब्दांत सांगितले नाही आणि तरीही श्रोत्यांना जे निःसंदिग्धपणे कळले, त्या अर्थाला आपण ध्वनितार्थ म्हणतो. आणि व्याख्यान असो, मुलाखत असो वा चित्रपट असो, सार्वजनिक जीवनातील पुष्कळसे वाद उच्चारलेल्या अर्थावरून नव्हे, तर या न उच्चारलेल्या अर्थावरूनच माजतात. अशा वादात एक पक्ष म्हणतो, ‘मी असे बोललोच नाही’. दुसरा म्हणतो, ‘पण तुमच्या मनात तेच होते’. वरवर पाहता हे दोघे परस्परविरुद्ध टोकांना उभे असलेले दिसतात. परंतु न बोललेल्या अर्थाला साक्षीपुरावा असू शकत नाही, हे दोघांचेही गृहीतकृत्य एकच असते. हे गृहीतकृत्यच चुकीचे आहे, आणि ते का चुकीचे आहे हे समजून घेणे, ज्या समाजात भाषणे ऐकून मते बनतात त्या समाजाला मला अत्यंत अगत्याचे वाटते.

ध्वनी हा केवळ काव्याचा विषय आहे, ही समजूत प्रथम दूर केली पाहिजे. ती रूढ होण्याचे कारण उघड आहे: नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ रचला तो काव्याचा आत्मा शोधण्यासाठी, आणि आपल्याकडील अध्यापनात व्यंजनेची, म्हणजे शब्दांच्या ध्वनितार्थ सुचवण्याच्या शक्तीची, गाठ पडते ती बहुधा काव्यशास्त्राच्या तासालाच. वस्तुतः व्यंजनेवाचून आपला एक दिवसही जात नाही. ‘चहा घेता ना?’ या प्रश्नावर पाहुणा ‘आता घेतला तर रात्रभर डोळा लागायचा नाही’ असे म्हणतो, तेव्हा त्याने नकाराचा शब्दही उच्चारलेला नसतो. तरी यजमानीण आधण ठेवत नाही. मात्र त्याच दमात पाहुण्याने ‘पण तुमच्या हातचा आहे, तेव्हा घोटभर द्याच’ अशी पुस्ती जोडली, तर त्यात कोणतीही विसंगती उत्पन्न होत नाही. वाच्यार्थ, म्हणजे शब्दांत उच्चारलेला अर्थ, असा मागे घेता येत नाही. ‘मी चहा घेत नाही, पण घेतो’ असे म्हणणारा स्वतःचेच बोलणे खोडतो. ध्वनितार्थ मात्र पुढच्या वाक्याने विसंगतीवाचून परतवता येतो, आणि या दोहोंतील भेद ओळखण्याची ही एक चांगली कसोटी आहे.

याहून घातक समज असा की, जितके श्रोते तितके अर्थ. म्हणून ध्वनितार्थ हा ऐकणाराच्या कल्पनेचा खेळ. या समजाच्या समर्थनार्थ कित्येकदा काव्यशास्त्रकार मम्मटाचा ‘काव्यप्रकाश’ पुढे केला जातो. सूर्य मावळला, एवढ्याशा वाक्यातून गुराख्याला गुरे घराकडे वळवावीत असे कळते, दुकानदाराला माल आवरावा असे, तर अनुष्ठान करणाराला सायंसंध्येची वेळ झाली असे. अशा अनेक अर्थांची मालिकाच त्याने दिली आहे. पण नीट पाहिले तर हे उदाहरण नेमके उलट सिद्ध करते. अर्थ अनेक आहेत, परंतु त्यांतील एकही मोकाट नाही. प्रत्येक अर्थ विशिष्ट वक्त्याशी, विशिष्ट श्रोत्याशी आणि विशिष्ट प्रसंगाशी जखडलेला आहे. म्हणूनच मम्मट व्यंजनेची निमित्ते मोजताना बोलणारा कोण, ऐकणारा कोण, आवाजाचा चढउतार कसा, जवळ आणखी कोण उभे आहे, प्रकरण कोणते, स्थळ कोणते आणि काळ कोणता, यांची यादी देतो. ही यादी म्हणजे पुराव्याचीच यादी होय.

१९६७ साली हार्वर्ड विद्यापीठातील व्याख्यानांत पॉल ग्राइस या इंग्रज तत्त्वज्ञाने हाच प्रश्न तर्कशास्त्राच्या बाजूने हाताळला. संभाषण हे सहकार्य आहे आणि म्हणून आपण समोरच्याकडून चार गोष्टी धरून चालतो, असे त्याचे प्रतिपादन: तो पुरेसे सांगेल, खरे सांगेल, प्रस्तुत तेच सांगेल आणि सुबोधपणे सांगेल. यांपैकी एखाद्या अपेक्षेला उघडउघड फाटा दिला गेला, की आपण त्याचे कारण शोधू लागतो, आणि ते कारण म्हणजेच ध्वनितार्थ. त्याचे प्रसिद्ध उदाहरण शिफारसपत्राचे आहे: तत्त्वज्ञानाच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याविषयी त्याचा प्राध्यापक इंग्रजीवरील प्रभुत्व आणि नियमित हजेरी एवढ्याचाच उल्लेख करून सही करतो. निंदेचा एक शब्दही न लिहिता अर्ज निकालात निघतो. हे सारे आमच्या ग्रंथांत आधीच होते असे म्हणणे आणि हा केवळ पाश्चात्त्यांचा शोध आहे असे म्हणणे, ही दोन्ही विधाने सारखीच उथळ आहेत. आनंदवर्धनाला रसाची मीमांसा करायची होती, ग्राइसला संभाषणातील तर्काची. तथापि अकराव्या शतकातील महिमभट्टाने व्यंजना ही स्वतंत्र शक्ती नसून ते अनुमानच आहे असा जो पक्ष ‘व्यक्तिविवेका’त मांडला, तो ग्राइसच्या फार जवळ येऊन पोचतो.

अनुमान म्हटले की त्याची प्रत्येक पायरी तपासता येते, आणि ती तपासली नाही तर काय होते, हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे. जून १८९७ मध्ये पुण्यात शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला; त्यात अफझलखानाच्या वधावर व्याख्यान झाले, अध्यक्षपदावरून टिळकांनी त्या कृत्याची नैतिक बाजू मांडली, आणि १५ जूनच्या ‘केसरी’त त्या समारंभाचा वृत्तान्त व ‘भवानी तलवार’ या सहीची एक कविता प्रसिद्ध झाली. २२ जूनच्या रात्री पुण्यातील प्लेगबंदोबस्ताचा प्रमुख अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. सप्टेंबरात मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. सरकारपक्षाची फिर्याद अशी की, सतराव्या शतकाच्या आडून विद्यमान राज्यकर्त्यांविषयी अप्रीती पसरवली गेली. ज्यूरीतील सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरवले, तिघा हिंदी सभासदांनी निर्दोष; आणि अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. या युक्तिवादाची पहिली पायरी मला स्वतःला मान्य आहे: दुष्काळ आणि प्लेग यांनी गांजलेल्या शहरात, प्लेगबंदोबस्ताच्या नावाखाली घरोघरी शिपाई शिरत असताना, शिवाजीवरील व्याख्यान केवळ इतिहासासाठी दिले गेले असे म्हणणे हा त्या उत्सवाचाच अधिक्षेप होईल. परंतु ‘वर्तमानाविषयी बोलले’ येथपासून ‘शस्त्र उचलण्यास चिथावले’ येथपर्यंत जाण्यास दुसरी पायरी लागते, आणि ती पायरी पुढे घडलेल्या खुनाने आपोआप बांधली जात नाही. ध्वनितार्थ ठरतो तो बोलण्याच्या क्षणी वक्ता व श्रोता या दोघांना जे ठाऊक असते त्यावरून. २२ जूनची घटना १५ जूनच्या वाचकाला ठाऊक असणे शक्यच नव्हते. तरीही त्या खुनाची छाया सबंध खटल्यावर पडून राहिली.

याच्या उलट, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकात माजी व्हाइसरॉय कर्झनसाहेबाचे नाव कोठेही नाही, पण १९०७ सालच्या प्रेक्षकाला कीचक कोण, द्रौपदी कोण, सबुरी सांगणारा धर्मराज कोण आणि दात खाणारा भीम कोण, हे कोणी सांगावे लागले नाही, आणि १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली तेव्हा राज्यकर्त्यांचे वाचन चुकले होते असे मला म्हणवत नाही. चित्रपटातील ध्वनी म्हणजे दिग्दर्शकाने दडवलेले चिन्ह, असाही एक समज आहे. पण पडद्यावरचे पात्र एकाच वाक्याने दोघांशी बोलत असते, समोरच्या पात्राशी आणि अंधारात बसलेल्या प्रेक्षकाशी. आणि या दुसऱ्या संभाषणाचा संदर्भ पडद्याबाहेर, रस्त्यावर असतो. १९३५ साली ‘प्रभात’ने एकनाथांवर काढलेल्या चित्रपटाचे ‘महात्मा’ हे नाव सेन्सॉरने चालू दिले नाही, ते बदलून ‘धर्मात्मा’ करावे लागले. अस्पृश्यतेविरुद्ध गांधीजींची मोहीम चालू असता, अस्पृश्यांना जवळ करणाऱ्या संताला ते नाव दिले की त्यातून काय ऐकू येते, हे त्या सेन्सॉरला कोणत्याही पाठ्यपुस्तकावाचून समजले होते.

आता राहिला तो समज सर्वांत चिवट आहे: वाक्य अक्षरशः खरे असेल, तर बोलणाऱ्यावर काही जबाबदारी येत नाही. सॅम्युएल ब्रॉन्स्टन या अमेरिकेतील चित्रपटनिर्मात्याला १९६६ साली दिवाळखोरीच्या चौकशीत शपथेवर विचारले गेले की, स्विस बँकेत तुमचे खाते कधी होते काय. त्यावर, कंपनीचे खाते झुरिकमध्ये सुमारे सहा महिने होते, असे उत्तर त्याने दिले. उत्तर खरे होते. पण त्याचे स्वतःचेही खाते जिनिव्हात जवळजवळ पाच वर्षे होते, आणि त्याविषयी तो अवाक्षर बोलला नाही. १९७३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याला खोट्या साक्षीच्या आरोपातून मुक्त केले. उत्तर टाळले जात असेल तर पुढचा प्रश्न विचारणे हे वकिलाचे काम, असे न्यायालयाचे म्हणणे. पुष्कळ लोक या निकालावरून असे समजतात की ब्रॉन्स्टनने काही सूचित केलेच नाही. न्यायालय तसे म्हणाले नव्हते. खोटी साक्ष या गुन्ह्याची व्याख्या कोठवर ताणावी, एवढेच त्याने ठरवले. मुलाखतीत तर शपथही नसते आणि उलटतपासणीचा अवधीही क्वचितच मिळतो. २१ जानेवारी १९९८ रोजी दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष क्लिंटन यांनी व्हाइट हाउसमधील एका माजी प्रशिक्षणार्थी तरुणीशी आपले लैंगिक संबंध ‘नाहीत’ असे वर्तमानकाळात सांगितले. पूर्वी होते काय, याचे उत्तर श्रोत्यांनी आपणहून भरून घ्यावे अशीच त्या उत्तराची घडण होती. असे भरून घेणारा श्रोता भोळा नसतो. समोरचा पुरेसे सांगत आहे, हा विश्वास तो ठेवतो, आणि त्या विश्वासावाचून कोणतेच संभाषण चालत नाही. फसवणूक झालीच तर ती या विश्वासाची होते, आणि तिचा दोष विश्वास ठेवणाऱ्याच्या माथी मारणे मला न्याय्य वाटत नाही.

शेवटी, छापील मजकूर हाताशी असला की तपास पूर्ण झाला, असे जे मानले जाते तेही खरे नाही. मम्मटाने आवाजाचा चढउतार, म्हणजे काकू, आपल्या यादीत अगदी आरंभीच घातला आहे, आणि छपाईत तोच प्रथम गळतो. ‘वा! मोठेच काम केलेत’ हे शब्द कागदावर शाबासकी आहेत की टोमणा, हे कोणीही सांगू शकणार नाही. १८९७ च्या ज्यूरीतील मराठी न जाणणाऱ्यांपुढे तर व्याख्यानाचा आवाज नव्हताच, मूळ शब्दही नव्हते. होते ते वर्तमानपत्री वृत्तान्ताचे इंग्रजी भाषांतर. आज बहुतेक व्याख्यानांचे व मुलाखतींचे ध्वनिमुद्रण उपलब्ध असते. तेव्हा कोणी काय सुचवले याविषयी मत देण्यापूर्वी ते मुद्रण, आधीच्या प्रश्नासह आणि नंतरच्या उत्तरासह, संपूर्ण ऐकावे.