‘तुमच्या संगणकात ३७ व्हायरस!’ – खोट्या भीतीचा धंदा आणि त्यावर उपाय

दिवेलागणीची वेळ. आई पोळ्या लाटते आहे. मुलगी हप्त्यावर घेतलेल्या लॅपटॉपवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरते आहे. एकाएकी सगळा पडदा लाल होतो, भोंगा वाजू लागतो आणि ठळक अक्षरे उमटतात – ‘तुमच्या संगणकात ३७ व्हायरस सापडले आहेत. ताबडतोब साफ करा, नाहीतर सर्व फाईली नष्ट होतील.’ खाली एक हिरवे बटण. मुलीच्या पोटात गोळा येतो. लाटणे टाकून आई धावते. बाप विचारतो, ‘‘काय दाबलंस गं?’’

वाचक बंधू-भगिनींनो, असा प्रसंग आज कोणाच्याही घरी येऊ शकतो. त्या वेळी काय करावे आणि काय करू नये, एवढेच आम्हाला या लेखात सांगायचे आहे.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की तो मजकूर खोटा आहे. कोणीही संगणक तपासलेला नाही. इंटरनेटवरचे साधे पान तुमच्या संगणकातल्या सगळ्या फाईली उघडून त्यांतले व्हायरस मोजूच शकत नाही. ३७ हा आकडा आधीच लिहून ठेवलेला असतो. तो तुम्हालाही दिसतो आणि शेजाऱ्यालाही दिसतो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

धंदा जुना आहे

बनावट अँटीव्हायरसचा हा धंदा काल-परवाचा नाही. युक्रेनमधील कीव्ह शहरात कार्यालय थाटून एका कंपनीने तो कारखान्यासारखा चालवला. ‘विनफिक्सर’, ‘ड्राइव्हक्लीनर’, ‘एक्सपी अँटीव्हायरस’ अशी भारदस्त नावे देऊन तिने निकामी माल विकला. किंमत ३९.९५ डॉलर किंवा त्याहून जास्त. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, तिच्यावर दावा लावला. दहा लाखांहून अधिक ग्राहक फसल्याचे त्यात म्हटले होते. २०१० मध्ये शिकागोत फौजदारी आरोपपत्र दाखल झाले. त्यानुसार ६० हून अधिक देशांतले लोक फसले होते आणि त्यांचे १० कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले होते. २०१२ मध्ये न्यायालयाने कंपनीशी संबंधित एका प्रतिवादीला १६ कोटी ३० लाख डॉलर भरण्याचा आदेश दिला.

हे आकडे आम्ही मुद्दाम दिले. ‘आपल्याला संगणकातलं कळत नाही, म्हणून आपण फसलो’ असे वाटून कोणी मान खाली घालू नये. शिकले-सवरलेले, वर्षानुवर्षे संगणक वापरणारे लोकही यात लाखांनी फसले. कमी शिकलेला माणूसच फसतो असे नाही. घाबरलेला आणि घाईत असलेला माणूस फसतो.

‘आम्ही तर चांगलंच पान उघडलं होतं’ असेही पुष्कळजण सांगतात, आणि ते खरेच असते. २०१० मध्ये अमेरिकेतील मिनियापोलिसच्या ‘स्टार ट्रिब्यून’ या वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर असेच घडले. भामट्यांनी जाहिरात संस्थेचे सोंग घेऊन एका हॉटेलची जाहिरात दिली. वृत्तपत्राने ती तपासली, तेव्हा ती ठीक होती. जाहिरात सुरू झाल्यावर भामट्यांनी आतला मजकूर गुपचूप बदलला. सकाळची बातमी वाचायला आलेल्या वाचकांचे संगणक अडकले आणि सुटका करून देण्यासाठी ४९.९५ डॉलर मागितले गेले.

आत काय घडते

या फसवणुकीच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली पायरी भीतीची. पडद्यावर तपासणी चालू असल्याचा देखावा दिसतो, पट्टी पुढे सरकते, फाईलींची नावे धावतात. हे सारे चित्र असते, सिनेमासारखे. पुष्कळदा कोपऱ्यातली फुलीसुद्धा त्या चित्राचाच भाग असते. बंद करायला म्हणून ती दाबली तरी दुसरेच काही सुरू होते.

दुसरी पायरी शिरकावाची. ‘साफ करा’ म्हणून आपण बटण दाबतो, एक फाईल उतरते आणि आपल्याच हाताने आपण ती बसवतो. म्हणजे व्हायरस आधी नव्हता, तो आता आला. आत आल्यावर संगणक सुरू होताच स्वतःही सुरू होण्याची सोय तो करून ठेवतो. खरा अँटीव्हायरस बंद पाडतो, टास्क मॅनेजर उघडू देत नाही आणि कोणताही प्रोग्राम उघडला की ‘हा दूषित आहे’ अशी ओरड करतो.

तिसरी पायरी वसुलीची. पैसे भरले की ओरड थांबते, कारण ओरडणाराही तोच होता. आपले पैसे गेले आणि कार्डाचा क्रमांक भामट्याच्या हाती लागला.

आज या धंद्याने रूप पालटले आहे. पडद्यावर नामांकित कंपनीचे नाव आणि एक फोन नंबर येतो. फोन केला की गोड आवाजातला ‘इंजिनिअर’ एक ॲप घ्यायला सांगतो. त्या ॲपमधून आपला पडदा त्याला दिसतो, आणि आपण परवानगी दिली तर संगणकही तोच चालवतो. दुसरा प्रकार सूचनांचा. ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असे एखादे पान सांगते. आपण दाबले की मोबाईलवर दिवसरात्र ‘व्हायरस, व्हायरस’ अशा सूचना येत राहतात.

काय करावे

१. पडद्यावर नुसते पान आले असेल तर त्यातले काहीही दाबू नये, दिलेल्या नंबरवर फोन करू नये. आवाज बंद करावा. एस्केपची कळ थोडा वेळ दाबून धरावी, मग आल्ट आणि एफ ४ या कळा एकत्र दाबाव्यात. तरीही पान गेले नाही, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ब्राउझर निवडून ‘एंड टास्क’ करावे. ब्राउझर पुन्हा उघडताना तो जुनी पाने उघडू का असे विचारेल. नको म्हणावे. मोबाईलवर ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा आणि ते पान काढून टाकावे.

२. सूचनांचा त्रास असेल तर ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये ‘साइट सेटिंग्ज’ आणि त्यात ‘नोटिफिकेशन्स’ उघडावे. अनोळखी नावे दिसतील त्यांची परवानगी काढून घ्यावी. बहुतेक वेळा एवढ्यानेच काम भागते.

३. प्रोग्राम आत बसला असेल तर आधी इंटरनेट तोडावे. विंडोज १० किंवा ११ असेल तर शिफ्टची कळ दाबून धरून ‘रिस्टार्ट’ निवडावे. मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज या क्रमाने जाऊन पुन्हा रिस्टार्ट करावे आणि ४ हा आकडा दाबावा. याला सेफ मोड म्हणतात. यात संगणक मोजक्याच गोष्टी घेऊन सुरू होतो आणि उपटसुंभ प्रोग्राम बहुधा झोपलेला राहतो. आता प्रोग्रामची यादी तारखेप्रमाणे लावावी. त्रास सुरू झाला त्या दिवशी बसलेला, आपण न मागितलेला प्रोग्राम काढून टाकावा.

४. त्यानंतर संगणक नेहमीसारखा सुरू करावा. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून तपासणीच्या पर्यायांतून ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर’ची ऑफलाइन तपासणी निवडावी. विंडोज सुरू होण्याआधीच ही तपासणी होत असल्याने लपून बसलेला चोर सापडण्याची शक्यता वाढते. हा डिफेंडर विंडोजबरोबरच येतो, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत.

५. एवढे करूनही त्रास राहिला तर दाखले, गुणपत्रके, फोटो पेनड्राइव्हवर काढून घ्यावेत आणि विंडोज नव्याने बसवावे. प्रोग्रामच्या फाईली मात्र सोबत घेऊ नयेत. शेवटी दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून ई-मेल आणि बँकेचे पासवर्ड बदलावेत.

पैसे गेले असतील तर

वेळ दवडू नये. प्रथम बँकेला कळवून कार्ड बंद करावे. हा नंबर कार्डाच्या पाठीमागे असतो, तोच लावावा, इंटरनेटवर शोधू नये. लगेच १९३० या सरकारी मदत क्रमांकावर फोन करावा आणि ‘सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे वाटेतच अडवले जाण्याची शक्यता जास्त. पडद्याचा फोटो, बँकेचा संदेश, आलेला फोन नंबर हे सारे जपून ठेवावे. भामट्याला दुरून संगणक चालवू दिला असेल, तर तो आधी इंटरनेटपासून तोडावा आणि मग फोन करत बसावे.

घरातल्या मोठ्यांना एक विनंती

कीव्हच्या त्या कंपनीची एक युक्ती फार नीच होती. तिच्या खोट्या तपासणीत व्हायरसबरोबर ‘अश्लील चित्रे सापडली’ असेही दाखवत. म्हणजे बघणारा लाजेल, कोणाला विचारणार नाही आणि गुपचूप पैसे भरून मोकळा होईल. ज्या घरात एकच संगणक सगळे वापरतात, तिथे असा मजकूर दिसला की पहिला संशय कोणावर जाईल? पोरावर. त्याच्या पाठीत धपाटा बसेल, आणि त्याने काहीच केलेले नसेल.

म्हणून आमचे सांगणे आहे, की पडद्यावर काहीही उमटले तरी आपल्या मुलांआधी त्या पडद्याचा संशय घ्यावा. ‘काय दाबलंस?’ याऐवजी ‘काय आलंय, दाखव बरं’ असे विचारावे. आज बोलणी खाल्लेले मूल उद्या सांगायला येणार नाही, आणि त्याच दिवशी ते हिरवे बटण एकट्याने दाबेल. त्या लॅपटॉपचे हप्ते आपण घाम गाळून फेडतो. त्यावर मुलीचे दाखले आहेत, उद्याचा अर्ज आहे. तो वाचवायचा तर दोनच गोष्टी लागतात. ओरड झाली तरी हात जागीच ठेवायचा आणि घरच्यांना हाक मारायची.