गाडीतील ऐब आणि कंपनीची जबाबदारी

ताग्यात ऐब निघाला की गिऱ्हाईक तो घेऊन परत येते आणि आपण निमूटपणे माल बदलून देतो. ऐब सांगूनच माल विकावा, ही आपली शिकवण आहे. परंतु माल वाहणाऱ्या टेम्पोत कारखान्यातूनच ऐब आला असेल तर तो कोणी काढून द्यावा, हे आपल्या पुष्कळ व्यापारी बांधवांना ठाऊक नसते.

एकाच बनावटीच्या अनेक गाड्यांत तोच दोष आढळला की कंपनी त्या गाड्या परत बोलावते. यास 'रिकॉल' म्हणतात. सदर भाग बदलून देण्याचे पैसे पडत नाहीत. मारुतीने डिसेंबर २०१८ मध्ये सुपर कॅरी टेम्पोच्या ५,९०० गाड्या इंधन फिल्टरसाठी बोलावल्या होत्या. सप्टेंबर २०२१ मध्ये एर्टिगासह पाच मॉडेलांच्या १,८१,७५४ पेट्रोल गाड्या बोलावल्या, तेव्हा दुरुस्ती होईपर्यंत साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नये, असेही सांगितले होते. अशी सूचना हलक्यात घेऊ नये.

खरी अडचण जुन्या गाडीची. आम्ही एक टेम्पो दुसऱ्याकडून घेतला. पंप बिघडला, गल्लीतल्या मिस्त्रीने बदलला, आम्ही बिल भरले. नंतर समजले की तोच भाग कंपनी फुकट बदलून देत होती. पत्र गेले होते पहिल्या मालकाच्या पत्त्यावर! त्या बिलाचे पैसे गेले ते गेलेच. वास्तविक रिकॉल गाडीचा असतो, मालकाचा नव्हे. म्हणून जुनी गाडी घेताना आर. सी. बुकावरील चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरवर चौकशी करावी. काम झाल्यावर जॉबकार्ड मागून घ्यावे व जपून ठेवावे.

पूर्वी गाड्या बोलावणे कंपन्यांच्या मर्जीवर होते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम ११०-अ आले आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. आता ठराविक प्रमाणात तक्रारी आल्यास सरकार सक्ती करू शकते. मात्र हे सात वर्षांच्या आतील गाड्यांपुरते आहे, आणि तक्रारच नोंदवली नाही तर ती मोजली कशी जाणार? आपले लोक मिस्त्रीकडे कुरकुर करतात, लेखी कोणी देत नाही.

डीलर दाद देत नसेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस तेथे फी नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. धंद्यासाठी घेतलेली गाडी म्हणून समोरचा वकील हरकत घेईल. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठीच घेतलेल्या गाडीचा मालक कायद्याने ग्राहकच ठरतो. चार-पाच टेम्पो नोकरांकडून चालवणाऱ्यास मात्र ही सवलत मिळणे कठीण.