कॅमेरा निवडण्याचा एक भागाकार

शाळेसाठी कॅमेरा घ्यायचे ठरले की शिक्षकखोलीत पहिला प्रश्न निघतो तो 'झूम किती?' आणि दुसरा 'मेगापिक्सेल किती?' दोन्ही प्रश्नांची उत्तरे खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेली असतात, त्यामुळे ती मिळवायला कष्ट पडत नाहीत. पण केवळ त्यांच्यावर विसंबून घेतलेला कॅमेरा पुष्कळदा कपाटात पडून राहतो. पक्षिनिरीक्षणासाठी आणलेल्या कॅमेऱ्याने वर्गातली चित्रे रवाळ येतात, तर वर्गात उत्तम काम देणाऱ्या कॅमेऱ्यात झाडावरचा पक्षी ठिपक्याएवढा उमटतो. शाळेला असा खर्च पुन्हापुन्हा करता येत नाही. म्हणून खोक्यावर न छापलेला, पण पाचवीच्या मुलालाही करता येईल असा एक भागाकार आम्ही येथे सुचवणार आहोत. त्यासाठी अगदी वेगळ्या घडणीचे दोन कॅमेरे शेजारी ठेवून पाहू या.

पहिला आहे २०११ साली आलेला फुजीफिल्म एक्स१००. हा 'रेंजफाइंडर धाटणीचा' डिजिटल कॅमेरा आहे. दुसरा २०१२ साली आलेला कॅनन एसएक्स५० एचएस. याला ५० पट झूम असलेला 'ब्रिज कॅमेरा' म्हणतात. हे दोन्ही आता जुने झाले असून वापरलेलेच मिळतात. तरीही तुलनेसाठी ही जोडी सोयीची आहे, कारण दोघांचेही पिक्सेल जवळजवळ सारखे, म्हणजे सुमारे १ कोटी २० लाख आहेत. त्यामुळे चित्रांत जो फरक पडतो त्याचे श्रेय किंवा दोष मेगापिक्सेलना देता येत नाही.

दोन घराणी

आधी नावांचा उलगडा करू. हाताचा अंगठा डोळ्यांसमोर धरून एकदा डावा व एकदा उजवा डोळा मिटून पाहा. मागच्या भिंतीच्या संदर्भात अंगठा सरकल्यासारखा दिसतो. याला पराशय म्हणतात. अंगठा जवळ आणला की तो जास्त सरकतो, दूर नेला की कमी. म्हणजे या सरकण्यावरून अंतर काढता येते. रेंजफाइंडर, म्हणजे अंतरमापक, हेच करतो. कॅमेऱ्याच्या अंगावर दोन खिडक्या असतात. दुसऱ्या खिडकीतली प्रतिमा आरशाने किंवा लोलकाने पहिलीवर आणून ठेवतात. भिंगाचे कडे फिरवले की ही प्रतिमा सरकते, आणि दोन्ही प्रतिमा एकमेकींवर नेमक्या बसल्या की फोकस जमला असे समजायचे. जर्मनीतील लायका कॅमेरा १९२५ साली विक्रीस आला आणि १९३२ साली त्यात हा अंतरमापक बसवला गेला.

लायकाच्या एम मालिकेत या दोन खिडक्यांमधील अंतर सुमारे ६९ मिमी असते. दोन मीटरवरच्या माणसाकडे या खिडक्यांतून पाहिले तर दोन दिशांमध्ये सुमारे २ अंशांचा फरक पडतो. तोच माणूस ५० मीटरवर गेला की फरक ०.०८ अंशांवर येतो. म्हणूनच ही पद्धत जवळच्या कामाला उत्तम आणि लांब पल्ल्याच्या भिंगांना गैरसोयीची ठरली. रेंजफाइंडर कॅमेरा घेऊन फिरणारे छायाचित्रकार माणसांच्या जवळ जाऊन चित्रे टिपत, त्याचे एक कारण हे आहे.

एक्स१००मध्ये असा खरा अंतरमापक नाही. त्याचा फोकस यंत्र स्वतःच जमवते. 'धाटणीचा' हा शब्द म्हणूनच वापरतात. आटोपशीर बांधा, कोपऱ्यात डोळा लावण्याची खिडकी आणि न बदलता येणारे एकच भिंग, एवढा वारसा त्याने घेतला आहे. त्याला झूम मुळीच नाही.

ब्रिज कॅमेऱ्याचे नाव पुलावरून आले आहे. खिशातला साधा कॅमेरा आणि भिंगे बदलता येणारा व्यावसायिक कॅमेरा यांच्यामधला हा पूल. दिसायला तो मोठ्या कॅमेऱ्यासारखा असतो, पण भिंग कायमचे जोडलेले असते आणि डोळा लावला की आत एक छोटा पडदा दिसतो.

५० पट म्हणजे काय?

एसएक्स५०च्या जाहिरातीत '२४ ते १२०० मिमी' असे आकडे दिलेले असत. भिंगाच्या कडेवर मात्र ४.३ ते २१५ मिमी असे लिहिले आहे. यातले दुसरे आकडे खऱ्या नाभीय अंतराचे. पहिले आकडे 'समतुल्य' आहेत. जुन्या फिल्मची चौकट ३६ × २४ मिमी होती. त्या चौकटीवर एवढेच दृश्य मिळवायला किती नाभीय अंतराचे भिंग लागले असते, ते हे आकडे सांगतात. २१५ मिमीच्या भिंगाला १२०० मिमीचे काम करता येते, कारण त्याच्यामागे बसवलेला संवेदक, ज्याला बाजारात सेन्सर म्हणतात, फार लहान आहे.

त्याचे माप सुमारे ६.२ × ४.६ मिमी, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान. एक्स१००चा संवेदक २३.६ × १५.८ मिमी आहे. क्षेत्रफळे काढली तर अनुक्रमे सुमारे २८ आणि ३७३ चौरस मिमी येतात, म्हणजे १३ पट फरक. एवढ्या मोठ्या संवेदकाला ५० पट झूम का जोडत नाहीत, हा प्रश्न मुले विचारतीलच. १२०० मिमी समतुल्य दृश्य मिळवायला तेथे सुमारे ७९० मिमी नाभीय अंतराचे भिंग लागेल आणि त्याचे तोंड १२ सेंमी रुंद ठेवावे लागेल. असे भिंग गळ्यात अडकवून सहलीला जाता येणार नाही. म्हणजे ब्रिज कॅमेऱ्याचा लांब पल्ला लहान संवेदकाच्या मोबदल्यात मिळालेला असतो.

भागाकार

आता मुख्य मुद्दा. भिंगावर नाभीय अंतराशेजारी एक एफ-अंक असतो. नाभीय अंतराला या अंकाने भागले की प्रकाश आत येण्याच्या छिद्राचा व्यास मिळतो. एक्स१००चे भिंग २३ मिमी, एफ/२ असे आहे.

२३ ÷ २ = ११.५ मिमी.

एसएक्स५०चे भिंग पूर्ण आखडलेले असताना ४.३ मिमी, एफ/३.४.

४.३ ÷ ३.४ = सुमारे १.३ मिमी.

तेच भिंग पूर्ण लांबवले की २१५ मिमी, एफ/६.५.

२१५ ÷ ६.५ = सुमारे ३३ मिमी.

एकीकडे साडेअकरा मिलिमीटरचे एकच छिद्र, तर दुसरीकडे ज्वारीच्या दाण्याहून लहान ते जुन्या रुपयाहून मोठे होणारे छिद्र. दोन्ही कॅमेऱ्यांचे गुणदोष बहुतांशी या तीन आकड्यांत सामावले आहेत.

वर्गातला प्रकाश

पावसात परात आणि वाटी शेजारी ठेवली तर सर सारखीच असूनही परातीत पाणी जास्त जमते. पिक्सेलचेही तसेच आहे. एक्स१००चा एक पिक्सेल सुमारे ५.५ मायक्रोमीटर रुंद आहे, तर एसएक्स५०चा १.५४ मायक्रोमीटर. क्षेत्रफळात जवळजवळ १३ पट फरक. त्यात एफ/२ आणि एफ/३.४ यांच्यामुळे आणखी २.९ पटींची भर पडते. म्हणजे त्याच वर्गात, तेवढ्याच वेळात, एक्स१००च्या प्रत्येक पिक्सेलला सुमारे ३७ पट प्रकाश मिळतो.

प्रकाश कणांच्या रूपाने येतो, आणि हे प्रकाशकण नेमाने नव्हे तर पावसाच्या थेंबांसारखे अनियमितपणे पडतात. सरासरी १०० कण अपेक्षित असतील तर कमीजास्तपणा त्याच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे १० असतो. ही १० टक्के चूक झाली. ३७०० कण असतील तर कमीजास्तपणा ६१, म्हणजे दीड टक्क्याच्या आसपास. एकाच रंगाची भिंत पहिल्या चित्रात रवाळ आणि दुसऱ्यात गुळगुळीत दिसते ती यामुळे. रवाळपणा टाळायला शटर जास्त वेळ उघडे ठेवावे, तर प्रयोग करणाऱ्या मुलांचे हात हलतात आणि चित्र फिसकटते. पावसाळी दिवशी एकाच खिडकीच्या उजेडावर चाललेला प्रयोग टिपायचा असेल, तर छोट्या झूमविरहित कॅमेऱ्याला तोड नाही. दिवा न चमकवता काम होते, मुले दचकत नाहीत आणि प्रयोगावरचे त्यांचे लक्ष उडत नाही.

पन्नास मीटरवरची सुगरण

आता वर्गाबाहेर जाऊ. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणींची घरटी लटकली आहेत आणि आपण ५० मीटर दूर उभे आहोत. सुगरण सुमारे १५ सेंमी लांब असते. एक्स१००चा एक पिक्सेल या अंतरावर १२ मिमी भाग व्यापतो. म्हणजे अख्खा पक्षी जेमतेम १२-१३ पिक्सेलांत संपतो. त्याची पिवळी टोपी चित्रात ओळखूही येणार नाही. एसएक्स५०चा एक पिक्सेल तेथे ०.३६ मिमी व्यापतो आणि पक्ष्याला ४०० हून अधिक पिक्सेल मिळतात.

येथे एक गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. पक्ष्याकडून आलेला प्रकाश ३३ मिमीच्या छिद्रातून आत शिरतो, तर एक्स१००मध्ये ११.५ मिमीच्या. क्षेत्रफळांचे गुणोत्तर सुमारे ८. म्हणजे लहान संवेदकाच्या ब्रिज कॅमेऱ्यालाच दूरच्या पक्ष्याचा जास्त प्रकाश मिळतो! मोठा संवेदक नेहमीच जास्त प्रकाश गोळा करतो, हे सरसकट विधान येथे खोटे ठरते. एक्स१००चा बहुतेक प्रकाश आजूबाजूच्या आभाळावर आणि झुडपांवर खर्च झालेला असतो.

मात्र ४०० पिक्सेल म्हणजे ४०० निराळे बारकावे नव्हेत. छिद्रातून जाताना प्रकाश किंचित पसरतो. याला विवर्तन म्हणतात. एफ/६.५ला एका बिंदूची प्रतिमा सुमारे ८.७ मायक्रोमीटर व्यासाची चकती होते. ती पाच-सहा पिक्सेलांवर पसरते. हिशेब केला तर ५० मीटरवर सुमारे १ मिमीपेक्षा बारीक तपशील हे भिंग वेगळे दाखवू शकत नाही. तेथे पिक्सेल दुप्पट केले तरी उपयोग नाही. 'डिजिटल झूम' तर असलेलेच चित्र कापून मोठे करतो, त्यात नवी माहिती काहीच येत नाही. तरीही पिसांची ठेवण दिसायला १ मिमी पुष्कळ झाले.

शिवाय यात पक्ष्याचेही हित आहे. विणीच्या काळात माणसे फार जवळ गेली तर काही पक्षी घरटे सोडून जातात. वीस मुलांचा गट ५० मीटरवर थांबून चोचीतला धागा पाहू शकत असेल, तर लांब पल्ल्याचे मोल वेगळे सांगायला नको. हात हलण्याचा दोष भिंगातली स्थिरीकरणाची सोय कमी करते, पण पक्षीच हलला तर ती काही करू शकत नाही. उजेड भरपूर हवा, आणि कॅमेरा भिंतीवर किंवा तिपाईवर टेकवावा.

मग कोणता घ्यावा?

शाळेने आपल्या कामांची यादी आधी करावी, असे आम्हाला वाटते. वर्गातील प्रयोग, हस्तकलेचे नमुने, स्नेहसंमेलनाच्या रंगमंचाजवळून घ्यायची चित्रे ही कामे जास्त असतील तर मोठा संवेदक आणि लहान एफ-अंक पाहावा. पक्षी, दूरचे डोंगर, चंद्र ही कामे असतील तर ब्रिज कॅमेरा घ्यावा. आज बहुतेक शिक्षकांच्या खिशात मोबाइल असतो आणि उजेडातली जवळची चित्रे तो बऱ्यापैकी घेतो. म्हणून एकच खरेदी करायची असल्यास, मोबाइलला जे मुळीच जमत नाही ते करणारा ब्रिज कॅमेरा शाळेच्या अधिक उपयोगी पडेल, असे आमचे मत आहे.

नवी मॉडेले आली तरी भागाकार बदललेला नाही. एक्स१०० मालिकेतल्या २०२४च्या सहाव्या कॅमेऱ्यात पिक्सेल ४ कोटी झाले, पण भिंग २३ मिमी, एफ/२ हेच आहे. निकॉनचा पी१००० (२०१८) ५३९ मिमी, एफ/८पर्यंत जातो. छिद्र ६७ मिमी झाले, पण वजनही १.४ किलोवर गेले.

मुलांना करता येण्याजोगे दोन प्रयोग सुचवतो. पहिल्यासाठी मोठ्या कागदावर सारखे चौकोन आखा आणि त्यावर मूठभर ज्वारी उंचावरून विखरून टाका. आधी एकेका चौकोनातले दाणे मोजा. मग नऊ-नऊ चौकोनांचे गट करून प्रत्येक गटातले दाणे मोजा. कोणत्या मोजणीत टक्केवारीने कमीजास्तपणा अधिक आहे ते काढा. रवाळ चित्राचे कारण मुलांना कागदावरच सापडेल.

दुसरा प्रयोग ब्रिज कॅमेऱ्याचा. गुरू ग्रह रात्री दिसत असेल त्या दिवसांत कॅमेरा तिपाईवर ठेवा, झूम पूर्ण करा, शटर पाव सेकंदाच्या आसपास ठेवा आणि सलग पाच-सहा रात्री एकाच वेळी चित्र घ्या. गुरूच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत बारीक ठिपके दिसतील. गॅलिलिओने जानेवारी १६१०मध्ये पाहिलेले हेच ते चार उपग्रह. रोज त्यांच्या जागा वहीत मांडा. कोणता ठिपका कोणता, हे मुलांनी स्वतःच ठरवावे. उत्तर लगेच सांगू नये.