लेकीसाठी ग्रंथालयाची पायरी

भिवंडी म्हटलं की यंत्रमागांची खडखड आठवते. एका खोलीचं घर, बाहेर मागाचा आवाज. दहावी-बारावीच्या लेकीनं अभ्यासाला बसायचं कुठं? अशा वेळी सार्वजनिक ग्रंथालय उपयोगी पडतं.

तेरा ते वीस वयाच्या वाचकांना सांभाळणं हे ग्रंथपालाचं नाजूक काम. कुणाला पोलीस भरतीचं पुस्तक हवं असतं, कुणाला नर्सिंगच्या प्रवेशाची माहिती. पाळीबद्दल घरी विचारायची लाज वाटते, तेही पुस्तकात शोधायचं असतं. शिवाय भिवंडीत मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू बोलणारी घरं आहेत. पुस्तकंही त्या त्या भाषेतली लागतात.

चांगला ग्रंथपाल आधी ऐकून घेतो. कोण काय वाचतं, हे चारचौघांत बोलत नाही. एकदा हसं झालं की मुलगी पुन्हा पायरी चढत नाही.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रं मांडली. पहिलंच सूत्र, पुस्तकं वापरण्यासाठी असतात. कुलूपबंद कपाटातलं पुस्तक कुणाच्या कामाचं?

आपल्या राज्यात १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे. शासनमान्य ग्रंथालयांना सरकारी अनुदान मिळतं, म्हणजे त्यात आपलाही पैसा आहे. तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीत ठरवा आणि चौघी मिळून जवळच्या ग्रंथालयात जा. वेळ काय, वर्गणी किती, मुलींना बसायला जागा आणि स्वच्छतागृह आहे का, हे विचारा. येताना लेकीचं नाव नोंदवूनच या.