मोडेम जोडणीतील दूरध्वनी मार्गाच्या गुणवत्तेचे मापन

संगणकातील बिटांचे, म्हणजे द्विमान अंकांचे, दूरध्वनीच्या तारांतून जाऊ शकतील अशा विद्युत् संकेतांत आणि दुसऱ्या टोकास त्या संकेतांचे पुन्हा बिटांत रूपांतर करणारे उपकरण म्हणजे मोडेम होय. दूरध्वनी मार्ग मूलतः संभाषणासाठी आखलेला असल्याने त्यातून सु. ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ या कंप्रताच (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्याच) खात्रीने जातात. जोडणी होताच मोडेमने दर्शविलेल्या वेगावरून मार्गाची गुणवत्ता ठरविण्याचा प्रघात होता. तो फारसा विश्वसनीय नव्हे. काही मोडेम तर मार्गावरील वेगाऐवजी संगणक व मोडेम यांमधील वेग (उदा., सेकंदास १,१५,२०० बिट) दाखवीत.

ग्रहण केलेल्या संकेताची पातळी डीबीएम या एककात देतात. १ मिलिवॉट शक्ती म्हणजे शून्य डीबीएम. मार्गातील क्षीणनामुळे प्रत्यक्ष पातळी ऋण असते व दर १० डेसिबेल घटीस शक्ती एकदशांश होते. मात्र केवळ पातळीवरून निष्कर्ष काढता येत नाही. समजा, एका जोडणीत संकेत −२० व गोंगाट −५० डीबीएम आहे आणि दुसरीत त्यांची मूल्ये अनुक्रमे −१२ व −३६ आहेत. दुसरीतील संकेत अधिक प्रबळ असूनही तिचे संकेत-गोंगाट गुणोत्तर २४ डेसिबेलच भरते, पहिलीचे ३० भरते. क्लॉड शॅनन यांच्या १९४८ मधील सूत्रानुसार ३,१०० हर्ट्‌झ पट्टरुंदीस या जोडण्यांच्या वेगाची सैद्धांतिक कमाल मर्यादा सेकंदास सु. ३०,९०० व २४,७०० बिट येते. येथे एक सूक्ष्म भेद लक्षात घ्यावा लागतो : मोडेम गोंगाट स्वतंत्रपणे मोजत नाही. अपेक्षित व प्रत्यक्ष संकेत यांतील तफावतीवरून तो गुणोत्तर काढतो. त्यामुळे दुरुस्त न झालेली विकृती व स्वतःच्याच संकेताचा उरलेला प्रतिध्वनी हीही गोंगाटातच मोजली जातात.

निरनिराळ्या कंप्रतांचे क्षीणन सारखे नसते. व्ही.३४ मानकाचे (१९९४) मोडेम आरंभी १५० ते ३,७५० हर्ट्‌झ दरम्यानचे २१ स्वर एकदम पाठवून मार्गाचा हा आलेखच काढतात. त्यातील सर्वांत वेगवान संकेतास सु. ३,७०० हर्ट्‌झपर्यंतचा पट्टा लागतो, म्हणजे संभाषणाच्या नेमून दिलेल्या पट्ट्याबाहेरचाही. लांब तारांवर आवाज स्पष्ट यावा म्हणून ठराविक अंतरांवर भारण वेटोळी बसवीत. त्यांच्यामुळे संभाषणाच्या पट्ट्यातील क्षीणन कमी होते, पण त्यापलीकडे ते एकदम वाढते. कानाला उत्तम वाटणारी तार मोडेमला निकृष्ट ठरते, ती अशी.

सरासरी मापनातून निसटणारा दोष म्हणजे क्षणिक खरखर. सैल किंवा पावसाळ्यात ओल शिरलेला जोड, जुन्या यांत्रिक केंद्रातील स्विच यांमुळे ती उद्‌भवते. १० मिलिसेकंद टिकणारा आघात २८,८०० बिट वेगाच्या प्रवाहातील २८८ बिट बिघडवू शकतो, तरी सरासरी गुणोत्तर जवळजवळ तेच राहते. अशा मार्गाची परीक्षा पुन्हा पाठवाव्या लागलेल्या गटांच्या व पुनर्जुळणीच्या संख्येवरून करावी. वारंवार पुनर्जुळणी करणाऱ्या ३३,६०० च्या जोडणीपेक्षा २६,४०० ची स्थिर जोडणी प्रत्यक्षात अधिक माहिती वाहून नेते.

व्ही.९० मानकाचा (१९९८) ५६,००० बिटांचा वेग मिळण्यास सेवा देणारे टोक थेट अंकीय असावे लागते व वाटेत अंकीय-सदृश रूपांतर एकदाच व्हावे लागते. कार्यालयातील खासगी केंद्रामुळे आणखी एक रूपांतर होत असेल, तर तार निर्दोष असूनही वेग व्ही.३४ च्या मर्यादेत राहतो. अशा वेळी तार बदलणे व्यर्थ होय.

पुढे त्याच तांब्याच्या तारांवर आलेल्या एडीएसएल पद्धतीत संकेत-गोंगाट गुणोत्तर एकाच पट्ट्याऐवजी ४.३१२५ किलोहर्ट्‌झ अंतरावरील प्रत्येक उपवाहकासाठी वेगळे मोजतात व त्यानुसार त्या त्या उपवाहकावर किती बिट सोपवावयाचे ते ठरवितात.